नाव कोणाचे, हात कोणाचा?

जुन्या विलायती फर्निचरच्या चर्चेत चिपेंडेल, हेपलव्हाइट व शेरेटन ही नावे इतक्या सहजपणे घेतली जातात, की अठराव्या शतकातील साऱ्या इंग्लंडला या तिघांनीच खुर्च्या पुरविल्या असे वाटावे! आमच्या मते ही नावे जरा पारखून घेतली पाहिजेत.

टॉमस चिपेंडेल (१७१८–१७७९) हा खराखुरा कारागीर. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याचा कारखाना होता. परंतु त्याची कीर्ती दूरवर गेली ती १७५४ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांच्या ग्रंथामुळे. तो समोर ठेवून इतर सुतारांनी जे घडविले, तेही पुढे 'चिपेंडेल'च ठरले. आपल्या मालावर तो शिक्का मारीत नसे. म्हणून त्याच्या कारखान्यातील वस्तू ओळखण्यास हेअरवुड हाउससारख्या वाड्यांच्या दप्तरांतील बिले चाळावी लागतात. हेपलव्हाइटची कथा तर याहून विलक्षण. तो १७८६ मध्ये वारला आणि त्याचे पुस्तक त्याच्या पत्नीने १७८८ मध्ये छापविले. त्याने घडविलेली म्हणून खात्रीने दाखविता येईल अशी एकही खुर्ची नाही! शेरेटनची ख्यातीही १७९१ पासून निघालेल्या पुस्तकावरच उभी आहे. याउलट त्याच शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील उस्तादांस, राजाश्रयाचे अपवाद सोडता, आपले नाव लाकडावर ठोकावे लागे.

तेव्हा 'चिपेंडेल पद्धतीची खुर्ची' म्हणावे. 'चिपेंडेलची खुर्ची' म्हणण्यापूर्वी पुरावा मागावा. त्या एका षष्ठीने वस्तूची किंमत वाढते आणि घडविणारा पुसला जातो. आपल्या वाङ्मयास हा घोटाळा अपरिचित नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याचे अभंग मिसळले. नाममुद्रा सारखी, कवी निराळे. तेथे आपले संशोधक पाठ पारखतात. लाकडाच्या बाबतीत मात्र नुसत्या नावावर समाधान का मानावे?

आम्ही कचेरीत टिप्पणी लिहितो आणि खाली सही वरिष्ठांची होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. तो रीतीचाच भाग आहे. परंतु सही म्हणजे अक्षर नव्हे, हे ज्यास रोज दिसते, त्याची नजर खुर्चीच्या नावावरून तिच्या सांध्याकडे वळल्यावाचून राहत नाही. तो सांधा कोणीतरी बसविला होता. त्याचे नाव ठाऊक नसेल, तर निदान ती जागा दुसऱ्याच्या नावाने भरू नये.