गवयाचा फोटो आणि कापलेली कड

गवयांचे जुने फोटो जमवणाऱ्यांत मीही एक आहे, त्यामुळे आता जे बोलणार आहे ते माझ्यावरही आहेच.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, पण बाजारात त्यांचीही तबकडी आली नाही. मग आपण काय करतो? फोटो घेऊन बसतो. पगडी, मिशा, बसण्याची ढब, डोळ्यांतली जरब, आणि त्यातून गाणं 'ऐकायला' लागतो. "बघा, चेहऱ्यावर केवढी तपश्चर्या आहे!" अहो, ती तपश्चर्या असेलही. पण काचेच्या प्लेटवर फोटो निघायचा तेव्हा हलून चालत नसे. गंभीर मुद्रेतला थोडा वाटा फोटोग्राफरचा असतो. गाताना चेहरा असा राहतच नाही, तान घेताना तर नाहीच.

गौहरजानचं वेगळं. १९०२ साली कलकत्त्यात तिचं गाणं मुद्रित झालं, आणि पुढे तिचा चेहरा पोस्टकार्डांवरही विकला गेला. आपल्याकडे कोण बघणार आहे हे त्या बाईला ठाऊक आहे. दागिने, साडी, नजर, सगळं त्या हिशोबाने. मला हे फोटो जास्त प्रामाणिक वाटतात.

बाजारात किंमत मात्र ठरते ती चेहऱ्याला आणि सहीला. छापील चित्र आहे की मूळ प्रिंट, हे भिंगाखाली कळतं: छापलेल्यात बारीक ठिपके दिसतात. एवढं बघितलं की आपण निर्धास्त होतो. कडा कोण बघतो?

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो मिळाला. मध्ये गवई, त्यांच्या उजव्या हाताला तबलजी. डाव्या हाताला कोणी नाही, पण फोटोच्या अगदी कडेला एक पंजा आहे. तळहात वर, बोटांत गज. म्हणजे सारंगिया होता, आणि कुणीतरी पुठ्ठ्यासकट तो कातरून टाकला. बहुधा फ्रेममध्ये मावेना म्हणून. विकणारा म्हणाला, "साहेब, मेन माणूस तर आहे ना!"

हा 'मेन माणूस' फार महाग पडलाय आपल्याला. अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं मुळात सारंगियांचं. किराण्याचा तो लांब, न तुटणारा सूर गजाच्या ओढीतून गळ्यात आला, असं जाणकार मानतात आणि मलाही पटतं. ज्या वाद्याने गायकी घडवली ते पुढे मैफलीतून हटलं, त्याच्या जागी पेटी आली. आणि फोटोतून ते आपण हटवलं, कात्रीने. अल्बममध्ये गवई मध्यभागी नीट बसावा म्हणून मीही अशा कडा दुमडल्या आहेत. कापल्या नाहीत, एवढंच.

त्या फोटोच्या मागे पेन्सिलीने तीन ओळींत तीन नावं लिहिलेली होती. कड गेली तशी ओळींची सुरुवातही गेली. गवयांचं नाव अंदाजाने लावता येतं. तबलजींचं आडनाव उरलंय. तिसऱ्या ओळीत फक्त 'खाँ' एवढंच आहे.