स्त्री-प्रश्नावरील तीन ग्रंथ

स्त्रियांच्या स्थितीविषयीं जिज्ञासा असणाऱ्या भगिनींनीं प्रथम कोणतें पुस्तक हातीं घ्यावें, असा प्रश्न निघाला म्हणजे सुशिक्षित मंडळी बहुधा मेरी वुल्स्टनक्राफ्टच्या १७९२ मधील ग्रंथापासून आरंभ करितात आणि १९४९ मधील सिमोन द बोव्हारच्या ग्रंथाशीं येऊन थांबतात. ही यादी चुकीची नव्हे. परंतु मराठी वाचकवर्गास ती अपुरी आहे. आमच्या मतें आरंभ ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकापासून व्हावा.

बुलढाण्याच्या या लेखिकेचें पुस्तक १८८२ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालें. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्यें प्रथम फांशीची शिक्षा झाली. त्या निमित्तानें समग्र स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला हें उत्तर आहे. स्त्रियांच्या माथीं मारलेला एकेक दुर्गुण घेऊन ताराबाई विचारतात कीं, हाच पुरुषांच्या ठायीं नाहीं काय? विधवेस पुनर्विवाह नाकारावयाचा, आणि तिचें पाऊल घसरलें म्हणजे दोष तिला एकटीलाच द्यावयाचा, हा अन्याय त्यांनीं घरगुती पण धारदार भाषेंत उघडा केला. जोतीराव फुल्यांनीं 'सत्सार' मध्यें त्यांची बाजू घेतली. तथापि पुस्तक विस्मृतींत गेलें, व १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं तें पुनः प्रकाशांत आणिलें.

त्यांत आवेश मोठा, मांडणी विस्कळीत. ती उणीव जॉन स्टुअर्ट मिलच्या १८६९ मधील ग्रंथानें भरून निघते. 'स्त्रीस्वभाव' म्हणून जें दाखविलें जातें, तें दीर्घकालीन दडपणानें घडविलेलें कृत्रिम रूप होय, हा त्याचा सिद्धान्त आजही अभेद्य आहे. मात्र विवाह करणारी स्त्री संसार हाच आपला व्यवसाय म्हणून पत्करते, असें तोच मिल सहज मानून जातो. ताराबाई वाचून आलेली वाचिका येथें थबकल्यावांचून राहणार नाहीं.

व्हर्जिनिया वुल्फचें १९२९ मधील 'अ रूम ऑफ वन्स ओन' तिसरें. लेखन करूं इच्छिणाऱ्या स्त्रीस स्वतःची खोली आणि वार्षिक ५०० पौंड हवेत, हें त्याचें प्रतिपादन सर्वश्रुत आहे. पण त्यांतील निवेदिकेस हे पौंड मिळतात ते मुंबईंत घोड्यावरून पडून मृत्यु पावलेल्या आत्याच्या वारशांतून! त्या मुंबईंतल्या स्त्रियांस खोली होती काय, हा प्रश्न वुल्फबाई विचारीत नाहींत. तो मराठी वाचिकेनेंच विचारला पाहिजे.

हे ग्रंथ केवळ मान डोलविण्यासाठीं नव्हेत. या क्रमानें वाचल्यास प्रतिप्रश्न करण्याची संवय पहिल्याच पुस्तकांत लागते, आणि पुढील दोहोंची थोरवी व मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसूं लागतात. हाच या क्रमाचा लाभ.