हुबेहूब, पण कशाशी?

'तोच हा देवदत्त' या वाक्यातली प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणं, हा आपल्या दर्शनांतला जुना वाद आहे. काल पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला, यांत 'तोच' नेमकं काय? बौद्धांनी त्यावर केसांचं उदाहरण दिलं. केस कापले, पुन्हा वाढले, तरी आपण 'तेच केस' म्हणतो. खरं तर ते तसेच असतात, तेच नसतात. 'तेच' आणि 'तसंच' यांतलं हे अंतर आज आम्ही एका यंत्राला लावून बघणार आहोत. औंढ्यात बसून गिटारच्या अॅम्प्लिफायरवर बोलायचं म्हणजे नागनाथाच्या यात्रेत टाय लावून फिरण्यासारखं आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. (हशा) पण उदाहरण नामी आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांचा कारखाना होता. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५२ साली त्यांनी बेस गिटारसाठी 'बासमन' नावाचा अॅम्प्लिफायर काढला. त्याचा १९५९ च्या सुमाराचा नमुना, आत व्हॉल्व्ह, दहा इंची चार स्पीकर, पाइनच्या फळ्यांची पेटी, हा साध्या गिटारवाल्यांनीच पळवला. का? तर आवाज चढवला की तो फाटायचा, आणि ते फाटणं त्यांना गोड लागलं. आपल्या गावातल्या रेडिओवाल्यानं ज्याला बिघाड म्हटलं असतं, तोच गुण ठरला. आज जगभर हौशी मंडळी घरच्या टेबलावर या यंत्राची प्रतिकृती बांधतात. सर्किटचा आराखडा सहज मिळतो. काम मात्र जपून करायचं. आत चारशेहून जास्त व्होल्ट खेळत असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर वीज धरून बसतो.

आता आमचा प्रश्न. हुबेहूब म्हणता, पण कोणत्या दिवसाच्या बासमनशी? त्या काळचे कार्बनचे रेझिस्टर वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन आपलं मूल्य बदलतात, बहुधा वर सरकतात. कागदी कपॅसिटर झिरपू लागतात, स्पीकरचा कागद मऊ पडतो. म्हणजे कारखान्यातून निघालेला कोरा बासमन एक आणि आज सत्तरीकडे झुकलेला, आमच्यासारखा, दुसरा. बांधणारा आराखडा घेतो पहिल्याचा आणि कान असतात दुसऱ्यावर पोसलेले. दोघांशी एकदम इमान राखता येत नाही. कुणाशी राखायचं ते आधी ठरवा, ही आमची पहिली तक्रार, कारण बहुतेक जण ते ठरवतच नाहीत.

आणि सुटे भाग? बासमनमधला ५८८१ हा व्हॉल्व्ह टंग-सोल या अमेरिकन कंपनीनं काढला. ते नाव आजही डब्यावर छापलेलं मिळतं, पण व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोवच्या कारखान्यात होतो. नाव तेच, वस्तू तशी. केस कापून पुन्हा वाढले, म्हणा ना! दुसरीकडे अस्सल मूळ यंत्रातसुद्धा वाळलेले कपॅसिटर बदलावे लागतात, नाहीतर ते धोक्याचं ठरतं. म्हणजे 'अस्सल' म्हणून लाखांनी विकलं जातं तेही सगळं 'तेच' नाहीच.

इथे कुणी म्हणेल, मग इमानाची भानगडच कशाला? आणि लगेच मार्शलचा दाखला देईल. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हे ढोलवादक वाद्यांचं दुकान चालवत. १९६२ साली त्यांच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनचं सर्किट जवळजवळ रेघ न् रेघ उतरवलं. ट्रान्सफॉर्मर मात्र इंग्लंडात मिळाले ते घातले, पहिल्या पायरीला जास्त वाढ देणारा ईसीसी ८३ लावला, बंद पेटीत बारा इंची चार सेलेशन स्पीकर बसवले. आवाज वेगळाच निघाला आणि पुढे रॉक संगीतात त्याच आवाजाचं राज्य झालं. मग लोक म्हणतात, बघा, नक्कल चुकली म्हणून निर्मिती झाली. आम्हांला हे पटत नाही. तिथे नक्कल ढिली नव्हती, घट्ट होती. रेघ न् रेघ उतरवली म्हणूनच बदललेल्या चार गोष्टी कानाला कळल्या. ढिल्या नकला जगात हजारो होतात, त्यांतून फक्त गोंगाट निघतो.

आमचा खरा राग आहे तो वेगळ्याच प्रकारावर. नव्या पेटीला चहाचे डाग पाडायचे, कापड घासून विटवायचं, गंज चढवायचा. अहो, त्या डागातून आवाज येतो का? आपल्या नागनाथाचं देऊळ बघा. खालचा भाग कोरीव दगडाचा, यादवकाळातला, आणि वरचं शिखर सरळसरळ नंतरचं. ज्यांनी ते बांधलं त्यांनी सांधा लपवला नाही. खाली उभं राहून कुणालाही दिसतं, इथवर जुनं आणि इथून पुढे नवं. जीर्णोद्धाराला आपल्याकडे कुणी फसवणूक म्हणत नाही, ते यामुळेच. डाग पाडणारा सांधा लपवतो, आणि घेणारा तो लपलेला सांधाच विकत घेतो.

'नक्कल' या शब्दाची आपल्याला लाज वाटते, ती मात्र सोडायला हवी. आपल्याच तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहते आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला चार-चार किलोमीटर बाहूंची दोन यंत्रं आहेत, गुरुत्वीय लहरी टिपणारी. त्यांच्यासारखंच तिसरं इथे. पोरं आम्हांला विचारतात, "सर, म्हणजे कॉपीच ना?" हो, कॉपीच. लहर कुठल्या दिशेनं आली हे नीट कळायचं तर लांबलांब ठेवलेली यंत्रं लागतात, आणि ती एकमेकांच्या तोडीची हवीत. तिथे इमान कशाशी ते पक्कं आहे: संवेदनशीलतेशी. जमीन इथली, ऊन इथलं. कळकट करून जुनं दाखवायची गरज कुणाला? बासमनवाल्याला बिघाडासकट आवाज हवा, लायगोवाल्याला अजिबात बिघाड नको. दोघांचीही प्रतिकृती खरी असू शकते, कारण कशाशी खरं राहायचं ते त्यांना सांगता येतं.

आता एक अडचण उरते आणि ती आम्हांला सोपी वाटत नाही. दोन यंत्रांवर कापड टाकलं, एकच गिटार दोन्हींतून वाजवली आणि कुणालाच फरक ओळखता आला नाही, तर काय सिद्ध झालं? सादृश्य. बौद्ध म्हणतील, तेवढंच पुरे, 'तोच' असं कधी काही नव्हतंच. नैयायिक म्हणेल, कापड काढा, कारखाना आणि साल विचारा. वाजवणाऱ्याचं त्या दोघांकडेही लक्ष नसतं, तो तार छेडून मोकळा झालेला असतो. पुढच्या वेळी दिव्याच्या ज्योतीचं उदाहरण घेऊ, तिथे कापडही टाकता येत नाही.