खाजगी जमीन, सार्वजनिक दृष्टी : मावळ व लोणावळा परिसरातील जाहिरात फलकांच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातून मुंबईकडे जाणारे दोन प्रमुख रस्ते आहेत. जुना महामार्ग लोणावळ्याच्या बाजारपेठेतून जातो, तर २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झालेला द्रुतगती महामार्ग भातखाचरे व टेकड्या ओलांडून बोरघाटाकडे वळतो. या रस्त्यांच्या कडेला दिसणारे अनेक जाहिरात फलक सरकारी जागेत उभे नसतात. ते शेताच्या बांधावर, बंगल्याच्या आवारात किंवा इमारतीच्या गच्चीवर उभारलेले असतात. जागा खाजगी असली तरी फलकाचे सारे मोल सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. रस्ता नसता तर त्या बांधावर फलक लावण्यास कोणी एक रुपयाही दिला नसता.

या विषयाकडे केवळ शहराच्या सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहणे आता शक्य नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी द्रुतगती महामार्गाच्या पुण्याकडील टोकाशी, किवळे येथे, सेवा रस्त्यालगतचा एक मोठा फलक वादळी वाऱ्यात कोसळला. पावसापासून आडोसा घेण्यासाठी तेथे थांबलेल्या पाच व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. तो फलक अनधिकृत असल्याचे त्यानंतर सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. किवळे मावळच्या वेशीवरच आहे. या दोन घटनांच्या प्रकाशात मावळ व लोणावळा परिसराला लागू असलेल्या नियमांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, हे नियम जमीन कोणाच्या हद्दीत आहे या प्रश्नाभोवती रचले गेले आहेत. वास्तविक फलक कोठून दिसतो व कोसळल्यास कोणावर कोसळतो, हे प्रश्न त्यांच्या केंद्रस्थानी असावयास हवेत.

हद्दींची विभागणी

मावळ तालुक्यात फलकाला परवानगी कोणी द्यावयाची, हे फलकाचा पाया कोणत्या गावात आहे यावर ठरते. लोणावळा व तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदा आहेत, वडगाव येथे नगरपंचायत आहे, उर्वरित गावांत ग्रामपंचायती आहेत. ग्रामीण भागाच्या नियोजनाची जबाबदारी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आली. द्रुतगती महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. देहूरोड येथे कटक मंडळाची हद्द सुरू होते, तर रेल्वेची जमीन हा आणखी एक स्वतंत्र प्रदेश ठरतो.

या विभागणीत एक विशेष बाब नोंदविणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अधिसूचित केली. राज्यभर ठिकठिकाणी असलेल्या भिन्न नियमावल्यांच्या जागी एकच नियमावली आणणे हा तिचा उद्देश होता. तथापि बृहन्मुंबई, गिरिस्थान नगरपरिषदा व पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांच्याबरोबर त्या मूळ अधिसूचनेत लोणावळा नगरपरिषदेचे क्षेत्रही नावानिशी वगळण्यात आले. लोणावळ्याची डोंगराळ रचना व पर्यटनाचा भार पाहता वेगळ्या नियमांची गरज समजण्यासारखी आहे. परंतु फलकांच्या बाबतीत त्याचा परिणाम असा की, एकाच रस्त्याने जाताना प्रवाशाला हद्द ओलांडल्याचे कळतही नाही आणि नियमांचे पुस्तक मात्र बदललेले असते.

महानगरपालिकांसाठी राज्याने स्वतंत्र फलक नियम केले. २००३ चे नियम व त्यानंतर आलेले २०२२ चे नियम ही त्याची उदाहरणे होत. हे नियम महानगरपालिका क्षेत्रांपुरते आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या दहाव्या भागात फलक व बाह्य प्रदर्शनाच्या रचनांविषयी तपशीलवार तरतुदी आढळतात, पण संहिता हा मूलतः आदर्श दस्तऐवज आहे. स्थानिक नियमावलीने स्वीकारल्याखेरीज तिला बंधनकारक बळ येत नाही. परिणामतः शहरापेक्षा महामार्गालगतच्या गावात फलक मोठा असण्याची शक्यता अधिक आणि तो तपासणारी यंत्रणा मात्र तोकडी, अशी विपरीत स्थिती संभवते. बांधकामाचा आराखडा वाचू शकेल असा अभियंता ग्रामपंचायतीकडे सहसा नसतो.

घाटकोपरच्या दुर्घटनेने हद्दीच्या या वादाचे टोक दाखविले. तेथील फलक सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता, तर मुंबई महानगरपालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट होती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात असल्याने महानगरपालिकेची परवानगी आवश्यक होती की नाही, हाच प्रश्न चर्चेचा ठरला. मर्यादेच्या नऊपट क्षेत्रफळाचा फलक उघड्या डोळ्यांना दिसत असताना तो कोणाच्या कागदावर आहे याचा निर्णय होऊ शकला नाही. मावळात हद्दींची संख्या पाहता हा धोका मुंबईपेक्षा कमी मानण्याचे कारण नाही.

‘दृष्टीस पडणारी जागा’

खाजगी मालमत्तेवरील फलकाचे नियमन करण्याचा अधिकार शासनाला आहे काय, हा प्रश्न कायद्याने बऱ्याच अंशी निकाली काढला आहे. महाराष्ट्र मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९९५ मध्ये सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागेची व्याख्या आहे. सार्वजनिक ठिकाणी असलेल्या किंवा तेथून जाणाऱ्या व्यक्तीस दिसणारी खाजगी जागा, इमारत, भिंत, कुंपण वा झाडदेखील तिच्यात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नोव्वा अ‍ॅड्स प्रकरणात चेन्नईतील फलकांसाठीची परवाना पद्धती वैध ठरविताना हीच दिशा मान्य केली. तत्पूर्वी १९९५ मध्ये टाटा प्रेस प्रकरणात न्यायालयाने व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे संरक्षण दिले होते. हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत. काय म्हणावे याचे स्वातंत्र्य आणि ते किती उंचीवर, किती वजनाच्या लोखंडी सांगाड्यावर म्हणावे याचे नियमन या भिन्न गोष्टी आहेत.

१९९५ च्या अधिनियमातील व्याख्येत एक मौलिक तत्त्व दडलेले आहे. कायदा तेथे मालकीच्या सातबाऱ्याकडे न पाहता वाटसरूच्या डोळ्यांकडे पाहतो. दुर्दैवाने अधिनियमाचा उर्वरित भाग या तत्त्वाला न्याय देत नाही. त्याचा रोख विरूपणावर, म्हणजे भिंतीवर चिकटविलेल्या व रंगविलेल्या मजकुरावर आहे. तीन महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ही त्याची शिक्षा पत्रकांपुरती कदाचित पुरेशी असेल. काँक्रीटच्या पायावर उभ्या केलेल्या, दरमहा मोठे भाडे मिळवून देणाऱ्या सांगाड्यापुढे ती नाममात्र ठरते. सातारा येथील सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अनधिकृत फलकांविरुद्ध विस्तृत आदेश दिले. त्यानंतरही वाढदिवस व अभिनंदनाचे फ्लेक्स चौकाचौकांत दिसत राहिले. केवळ शिक्षेच्या तरतुदीवर विसंबणाऱ्या धोरणाची मर्यादा यातून स्पष्ट होते.

नामफलक आणि जाहिरात फलक

प्रचलित व्यवस्थेचा दुसरा दोष वर्गीकरणाचा आहे. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानावर लावलेली पाटी आणि महामार्गालगतच्या शेतात उभा असलेला गृहप्रकल्पाचा फलक यांत मूलभूत भेद आहे. पहिली पाटी त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाची ओळख सांगते. शेजारीशेजारी तोच पदार्थ विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत ती ओळख हेच दुकानदाराचे भांडवल असते. दुसरा फलक त्या जमिनीवर काय चालते याविषयी काहीच सांगत नाही. जमीन त्याच्यासाठी केवळ टेकू असते. एकाच मोजपट्टीने दोहोंचे नियमन केल्यास छोट्या दुकानदारावर अकारण जाच होतो आणि मोठा फलक शुल्क भरून निसटतो.

हा भेद अन्यत्र विचारात घेतला गेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात, जागेवरील व्यवसायाचा फलक आणि अन्यत्रच्या व्यवसायाचा फलक असा फरक नियमांनी करणे ग्राह्य मानले. याउलट ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००६ च्या कायद्याने बाह्य जाहिरातींवर सरसकट बंदी आणली व ती २००७ पासून अमलात आणली. सरसकट बंदीचा मार्ग लोणावळ्यासारख्या पर्यटनावर जगणाऱ्या गावास मानवेल असे दिसत नाही. भेदाचा मार्ग मात्र येथे सहज अनुसरता येईल.

महाराष्ट्रात नामफलकांविषयी राज्याने ठोस भूमिका घेतली ती लिपीच्या संदर्भात. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा होऊन सर्व आस्थापनांना देवनागरी लिपीतील मराठी नामफलक अनिवार्य झाला आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा असे ठरले. भाषेच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचाच आहे. परंतु अक्षराच्या आकाराबाबत इतकी दक्षता घेणारी व्यवस्था ते अक्षर पेलणाऱ्या सांगाड्याबाबत गावोगावी वेगवेगळी बोलते, ही विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

वारा आणि प्रमाणपत्र

फलकाला परवानगी देताना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. हे प्रमाणपत्र कोणत्या गृहीतावर आधारलेले आहे याची चिकित्सा क्वचितच होते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. याच मानकात डोंगरकडे व चढ यांच्यासाठी भूरूपाचा एक गुणक दिलेला असून तो १.३६ पर्यंत जाऊ शकतो. हा गुणक पूर्णांशाने लागू झाल्यास दाब जवळपास १.८५ पट होतो. खंडाळ्याच्या कड्यालगतच्या फलकासाठी पुण्याच्या सपाटीवरील गणित जसेच्या तसे वापरले तर प्रमाणपत्र कागदावर निर्दोष राहील, फलक मात्र वाऱ्यात टिकणार नाही. त्यातच लोणावळ्याच्या मुसळधार पावसात व धुक्यात लोखंड गंजण्याचा वेगही लक्षात घ्यावा लागतो.

तपासणीच्या वेळेचाही पुनर्विचार आवश्यक आहे. प्रशासन ‘पावसाळापूर्व’ तपासणीचे नियोजन जून महिना समोर ठेवून करते. किवळे व घाटकोपर येथील फलक मात्र अनुक्रमे एप्रिल व मे महिन्यात कोसळले. वळवाच्या सरींबरोबर येणारी वावटळ मोसमी पावसाची वाट पाहत नाही, हे मावळातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. तपासणी मार्चअखेर पूर्ण होणे हे या दृष्टीने अधिक सयुक्तिक ठरेल.

महसूल की नियोजन

स्थानिक संस्थांनी फलकांकडे दीर्घकाळ उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरात कराची नोंद वगळली आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून स्थानिक संस्थांकडे मुख्यतः परवाना शुल्क उरले. शुल्क हे कराहून भिन्न असते. नियमनाच्या कामाशी त्याचा संबंध असावा लागतो. म्हणूनच शुल्क घेणाऱ्या संस्थेने त्या मोबदल्यात कोणते नियमन केले, किती फलक तपासले, किती उतरविले, हे विचारण्याचा नागरिकांचा अधिकार अधिक बळकट झाला आहे.

जमीनधारकाची बाजू येथे डावलता येणार नाही. इंद्रायणी भाताचे उत्पन्न पावसावर अवलंबून असते, फलकाचे भाडे ठरल्या दिवशी मिळते. ज्या शेतकऱ्याची काही जमीन रस्त्यासाठी गेली, त्याने उरलेल्या तुकड्यातून रस्त्याचा थोडा लाभ मिळवावा यात गैर काही नाही. किंबहुना अस्पष्ट नियमांचा सर्वाधिक फटका त्यालाच बसतो. परवानगी, सांगाडा व कंत्राट हे सारे जाहिरात व्यावसायिकाच्या हाती असते. पण फलक कोसळल्यावर जागेचा मालक म्हणून गुन्ह्यात प्रथम त्याचे नाव येऊ शकते. स्पष्ट नियमांत या शेतकऱ्याचेही हित आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, मावळातील दोन्ही महामार्गांलगतचा पट्टा हे एकच दृश्यक्षेत्र मानून त्यासाठी एक नियमसंच व परवानगीचे एक ठिकाण असावे. पाया कोणत्याही हद्दीत असो, रस्त्याकडे तोंड केलेल्या फलकाला तोच नियम लागावा. दुसरा, जागेवरील व्यवसायाच्या पाटीला सुलभ व अल्पखर्चिक मान्यता मिळावी आणि अन्यत्रच्या जाहिरातीला आकार, उंची व रस्त्यापासूनचे अंतर यांची कठोर मर्यादा असावी. हे अंतर किमान फलकाच्या उंचीइतके असले, तर तो कोसळला तरी आपल्याच शेतात कोसळेल. तिसरा, स्थैर्याच्या प्रमाणपत्रात भूरूपाचा गुणक नमूद करणे सक्तीचे व्हावे. चौथा, परवानगी क्रमांक, मंजूर आकार, शेवटच्या तपासणीची तारीख व मुदत संपण्याचा दिनांक प्रत्येक फलकाच्या पायथ्याशी ठळक मराठीत लिहिलेला असावा.

यांखेरीज दृश्याचाही प्रश्न उरतो. मावळ ही कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांची भूमी आहे. लोहगड किल्ला जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूरचनांचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. या सन्मानात ‘भूरचना’ हा शब्द अर्थपूर्ण आहे, कारण तो गडाच्या तटापुरता मर्यादित नाही. पायथ्याच्या रस्त्यावरून गड ज्या अवकाशात दिसतो तो अवकाशही जपण्याजोगा ठरतो. त्या अवकाशाचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. तथापि सौंदर्याचा हा विचार दुसऱ्या क्रमांकाचा होय. पावसाची सर आली असता रस्त्याने जाणाऱ्या माणसाने वर न पाहता फलकाखाली उभे राहावे, इतका विश्वास नियमांनी निर्माण करणे ही पहिली गरज आहे. किवळे येथे थांबलेल्या पाच जणांनी तो विश्वास ठेवला होता.