बंधनकाळ आणि शक्तिव्यय : एका तुलनातक्त्याची चिकित्सा

फेज-लॉक्ड लूप, म्हणजे कलाबद्ध वलय, या विषयावरील पदव्युत्तर प्रबंधिकांच्या अखेरीस एक तक्ता हटकून आढळतो. आधी पूर्वसूरींची मंडले, शेवटी प्रस्तुत मंडल. प्रत्येकापुढे बंधनकाळ इतके मायक्रोसेकंद, शक्तिव्यय इतके मिलिवॉट. प्रस्तुत मंडलाचे दोन्ही आकडे सर्वांत लहान असतात, आणि तेथेच प्रबंधिका संपते. या तक्त्याने नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आंदोलकाची कला संदर्भलहरीच्या कलेशी ताडून पाहावयाची, त्या फरकातून उत्पन्न होणारी व्होल्टता गाळून घ्यावयाची आणि तिच्या योगे आंदोलकास ताळ्यावर आणावयाचे, एवढाच या वलयाचा व्यापार. हेन्री द बेलसीझ या फ्रेंच अभियंत्याने १९३२ साली रेडिओग्रहणाच्या संदर्भात तो मांडला. कंप्रता बदलण्याची आज्ञा मिळाल्यापासून वलय नव्या कंप्रतेवर स्थिरावेपर्यंतचा अवधी तो बंधनकाळ. ग्यानबाची मेख आहे ती ‘स्थिरावणे’ या शब्दात.

२५ किलोहर्ट्झ संदर्भकंप्रतेचे एक वलय घ्यावे. स्पंदरूप विद्युत्प्रवाहाने चालणारे वलय हे वस्तुतः ठराविक अंतराने नमुने घेणारी यंत्रणा असते आणि त्याची पट्टरुंदी संदर्भकंप्रतेच्या फार जवळ नेल्यास स्थैर्य ढळते, हे फ्लॉइड गार्डनर यांनी १९८० सालच्या आपल्या निबंधात दाखविले. म्हणून पट्टरुंदी एकदशांश, म्हणजे २.५ किलोहर्ट्झ, आणि अवमंदन ०.७ धरू. कंप्रतेची उडी १० मेगाहर्ट्झची असेल व शेवटची त्रुटी १ किलोहर्ट्झच्या आत यावयाची असेल, तर नेहमीच्या द्वितीय कोटीच्या सूत्राने सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात. तीच त्रुटी १०० किलोहर्ट्झपर्यंत चालेल असे मानले, तर सुमारे ०.६ मिलिसेकंद पुरतात. मंडलातील एका रोधकालाही हात न लावता बंधनकाळ निम्म्यावर आला! उडी केवढी व त्रुटी किती, हे दोन आकडे ज्या तक्त्यात नाहीत, त्यातील बंधनकाळाचा स्तंभ वाचण्याचे कारण नाही.

शक्तिव्ययाची गोष्ट याहून वेगळी नाही. अंकीय भागातील व्यय व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पूर्वीचे मंडल १८० नॅनोमीटर प्रक्रियेत १.८ व्होल्टवर चालणारे आणि नवे १.२ व्होल्टवर, धारकता व कंप्रता तीच राहिली, तरी एवढ्यानेच व्यय ४४ टक्क्यांवर उतरतो. धारकताही कमी झाल्यास आणखी. हे श्रेय रचनाकाराचे नव्हे, प्रक्रियेचे. उलटपक्षी आंदोलकाची शक्ती निम्मी केली, तर त्याच रचनेत कलागोंगाट सुमारे ३ डेसिबेलने वाढतो. तो स्तंभ तक्त्यात नसला, की काटकसर फुकट मिळाल्याचा भास होतो.

पुण्याच्या उत्तरेस नाशिक फाट्यावरून निघणारा रस्ता भोसरी, मोशी, चाकण असा जातो. मोटारउद्योगाच्या या पट्ट्यात तयार होणाऱ्या मोटारींत कलाबद्ध वलये ठायी ठायी असतात. चाकातील दाबमापक प्रेषकाचेच उदाहरण घ्यावे. त्याला एका लहान विद्युत्घटावर वर्षानुवर्षे तग धरावयाचा असतो. ‘कमी शक्तिव्यय’ हे बिरुद मिरविण्यास याहून योग्य स्थळ नाही. हिशेबापुरते आकडे धरू : ३ व्होल्ट, वलयाचा प्रवाह ५ मिलिअँपिअर, बंधनकाळ १०० मायक्रोसेकंद. ऊर्जा १.५ मायक्रोजूल. त्यानंतर शंभर द्विमान अंकांचा संदेश १० मिलिसेकंदांत १० मिलिअँपिअरने पाठविला, तर ३०० मायक्रोजूल. बंधनकाळ निम्म्यावर आणण्याचे सारे परिश्रम येथे पाव टक्का ऊर्जा वाचवितात.

मोटारीतील जो ग्राहक किल्लीच्या संदेशाची वाट पाहतो, त्याची स्थिती निराळी. तो वारंवार क्षणभर जागा होतो, काही ऐकू येते काय ते पाहतो व पुन्हा निद्रिस्त होतो. जागृतीचा काळ १ मिलिसेकंद व त्यात बंधनकाळ ०.२ मिलिसेकंद असेल, तर तो निम्मा केल्याने प्रत्येक खेपेस जवळजवळ दशांश ऊर्जा वाचते. पाठवणीची वाट पाहत आवारात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या बॅटरीस हा दशांश उपेक्षणीय नाही. मात्र स्फटिक-आंदोलकास मूळपदावर येण्यासच सामान्यतः मिलिसेकंदाच्या घरातील काळ लागतो, आणि तोवर वलयास बांधून घेण्याजोगा संदर्भच नसतो. स्फटिक अखंड चालू ठेवावा, तर त्याचा खर्च अहोरात्र. बंधनकाळात दहा मायक्रोसेकंद वाचविल्याचे सांगणाऱ्या प्रबंधिकेत या स्फटिकाचा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटते. शिवाय आकडे २७ अंश सेल्सिअसवरील संगणकीय प्रतिरूपणाचे. मोटारीसाठीच्या मंडलांकडून बहुधा उणे ४० ते १२५ अंशांपर्यंतची हमी मागितली जाते.

हाच रस्ता पुढे राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावास पोहोचतो. तेथून जवळच खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. मूळ रचनेत प्रत्येक अँटेनाजवळचे स्थानिक आंदोलक मध्यवर्ती केंद्राकडून प्रकाशतंतूंवाटे येणाऱ्या संदर्भलहरीशी कलाबद्ध केलेले होते. एकेक निरीक्षण तासन् तास चालते. आरंभी वलय स्थिरावण्यास एक मिलिसेकंद लागला काय किंवा एक सेकंद, निरीक्षकास फरक पडत नाही. परंतु त्या तासांत दोन अँटेनांमधील कलेचा संबंध ढळला, तर जुळवावयाचे संकेतच जुळत नाहीत. तेथे वलयाची पट्टरुंदी ठरते ती तंतूवाटे आलेल्या संदर्भाचा गोंगाट किती आणि आंदोलकाचा स्वतःचा किती, हे तोलून. संदर्भ गढूळ असेल, तर वलय मुद्दाम मंद ठेवण्यातच शहाणपण असते. असे वलय प्रबंधिकांच्या तक्त्यात बसविले, तर बंधनकाळाच्या स्तंभात त्याचा क्रमांक शेवटचा लागेल.