स्कोबीचे पाप कोणते? ‘द हार्ट ऑफ द मॅटर’मधील ज्ञान आणि संमती

ग्रॅहॅम ग्रीन यांच्या ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ (१९४८) या कादंबरीची समीक्षा बव्हंशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतीत पोलीस अधिकारी असलेला कॅथलिक नायक स्कोबी अखेर नरकात गेला की नाही? ईश्वरप्रेमापोटी स्वतःचा अधःपात इच्छिणे ही कल्पनाच इव्हलिन वॉ यांना धर्मदृष्ट्या असह्य वाटली. नरकावर खरोखर विश्वास असणारा मनुष्य असे वागेल हे जॉर्ज ऑर्वेल यांना पटेना. दोघांचेही लक्ष पापस्थितीत स्वीकारलेला ख्रिस्तप्रसाद आणि आत्महत्या या दोन कृत्यांवर खिळलेले आहे. कॅथलिक पापमीमांसेचीच मोजपट्टी लावली तर मात्र कादंबरीतील खरा भार अन्यत्र आढळतो.

ही मोजपट्टी तीन अटींची आहे. पाप ‘मारक’ ठरण्यासाठी, म्हणजेच आत्म्यातील ईश्वरी कृपेचे जीवन त्याने नष्ट होण्यासाठी, विषय गंभीर असावा लागतो, त्या गांभीर्याचे कर्त्याला पूर्ण ज्ञान असावे लागते आणि कृतीला त्याची विचारपूर्वक संमती असावी लागते. यांपैकी एकही अट उणी पडली तर पाप मारक ठरत नाही. मराठीत यासाठी ‘महापातक’ हा शब्द योजण्याचा मोह होतो. तो टाळणे बरे. धर्मशास्त्रातील महापातके ही प्राधान्याने कृत्यांची गणना आहे. जाणता-अजाणता हा भेद मनुस्मृतीतही येतो, पण तो प्रायश्चित्ताच्या संदर्भात. ब्रह्महत्येचे नाव त्याने बदलत नाही. कॅथलिक विचारात मात्र पापाची जातच कर्त्याच्या अंतःकरणावर अवलंबून असते. म्हणूनच १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पापांची गणतीच नव्हे, तर पापाचा प्रकार बदलणारी परिस्थितीही धर्मगुरूपुढे सांगणे बंधनकारक केले. पापनिवेदन अशा रीतीने कथन बनते, आणि कादंबरीशी त्याचे सख्य येथे जुळते.

स्कोबीला ही मीमांसा पाठ आहे. पेंबर्टन नावाचा तरुण अधिकारी आत्महत्या करतो, तेव्हा फादर क्लेपुढे तो त्याची बाजू मांडतो : ज्यांना ज्ञान आहे ते आपण दोषी ठरू, या पोराला काय ठाऊक होते? पुढे हाच युक्तिवाद त्याच्यावर उलटतो. हेलनशी असलेला संबंध सोडण्याचे वचन देता न आल्याने त्याला पापमोचन मिळत नाही. तरीही पत्नी लुईझच्या मनात संशय येऊ नये म्हणून तो ख्रिस्तप्रसाद घेतो. विषय गंभीर, ज्ञान पूर्ण. संमतीचे काय? दुसऱ्याचे दुःख न पाहवण्याची त्याची वृत्ती इतकी यांत्रिक आहे की तिच्या दडपणाखालील होकाराला मुक्त म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. तीव्र यातना वा भीती यांनी आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी उणावू शकते, असे १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही मानतो. ‘वेज ऑफ एस्केप’ (१९८०) मध्ये ग्रीन यांनी स्कोबीच्या कीवेला जवळजवळ राक्षसी अहंकाराचे रूप म्हटले. लेखकाचे हे भाष्य त्याच्याच कादंबरीहून सोपे आहे.

परंतु या साऱ्या ऊहापोहात अली मागे पडतो. अली हा स्कोबीचा दीर्घकाळचा आफ्रिकी सेवक. आपली गुपिते तो फोडील हा संशय स्कोबी व्यापारी युसुफपाशी बोलून दाखवतो. अलीला बोलावून घेण्यासाठी खूण म्हणून अंगठी देतो. युसुफ नेमके काय करणार हे विचारत नाही. अलीचा खून होतो. येथे वरवर पाहता ज्ञानही अपुरे आणि संमतीही. तथापि पापमीमांसेत आणखी एक सूक्ष्म कोटी आहे : हेतुपुरस्सर पांघरलेले अज्ञान. असे अज्ञान दोष हलका करत नाही, उलट वाढवू शकते. न विचारण्यातच स्कोबीची संमती आहे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जाणिवेचा अतिरेक आहे, पण मोकळीक जवळजवळ नाही. युसुफच्या कचेरीत त्याच्यावर कोणाच्याही अश्रूंचे दडपण नाही, तेथे तो जाणीवच बाजूला सारतो. मारक पापाचा शोध घ्यायचा तर तो याच प्रसंगात घ्यावा लागेल.

कादंबरीला हे कळलेले आहे का? अंशतः. प्रेतापाशी स्कोबी ‘मी मारले’ असे मानतो, पण त्या देहात त्याला दिसतो तो ईश्वर. क्षणार्धात अली प्रतीक होतो आणि माणूस म्हणून नाहीसा होतो. अपराध पुन्हा स्कोबी आणि ईश्वर यांच्यातील खाजगी व्यवहार बनतो. वसाहतीतील सेवकाच्या मृत्यूला ही कृती एवढीच जागा देते. वॉ आणि ऑर्वेल यांच्या वाचनाने तीही दिली नाही. अखेरीस फादर रँक लुईझला बजावतात की धर्मसंस्थेला सारे नियम ठाऊक असले तरी एका मानवी हृदयात काय चालते ते तिला ठाऊक नसते. हे हृदय अर्थातच स्कोबीचे. अलीच्या मनात निवेदन शिरतच नाही.