शंबुकाने दाखविलेली वाट

नाशिकास गोदावरीच्या काठी फिरावयास निघालेल्या माणसाने बरोबर काय घ्यावे, असे कोणी विचारले तर मी दोनच वस्तू सांगेन : पायांत सवयीची चप्पल आणि पिशवीत भवभूतीचे 'उत्तररामचरित'. चप्पल कशाला ते सांगावयास नको. पुस्तकाविषयी मात्र थोडे बोलले पाहिजे. कारण या नाटकाची थोरवी आपण करुणरसाच्या नावाने गातो, आणि ते मुळात स्थळे पाहण्याविषयीचे नाटक आहे हे विसरतो.

आठव्या शतकातला हा कवी विदर्भातल्या पद्मपुराचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. संस्कृत येत नाही म्हणून कोणी बिचकू नये. परशुरामतात्या गोडबोल्यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नाटक मराठीत आणले आहे. आणि मॅट्रिकपुरते संस्कृत ज्याच्या गाठी आहे, त्यालाही मूळ नाटकाचा पुष्कळसा स्वाद घेता येतो.

नाटकाचा पहिला अंक उघडतो तो चित्रे पाहण्यात. राम, सीता आणि लक्ष्मण वनवासातल्या प्रसंगांची चित्रे पाहत आहेत. आज आपण सहलीचे फोटो काढून घरच्या मंडळींना दाखवितो, तसाच हा प्रकार. ती चित्रे पाहता पाहता सीतेला ओढ लागते, की पुन्हा एकदा त्या रानांतून हिंडावे, भागीरथीत स्नान करावे. राम लगेच रथ जोडावयास सांगतो. तेवढ्यात दुर्मुख येऊन लोकापवादाची बातमी कानांत सांगतो, आणि जो रथ सहलीसाठी जोडला तोच सीतेला वनात सोडून येण्यासाठी जातो. बिचारी आनंदाने रथात बसते. भवभूतीचा निष्ठुरपणा आणि त्याची कला या एका रथात एकत्र बसली आहेत. जी सहल आहे तीच हद्दपारी आहे. फक्त बसणाऱ्याला ते ठाऊक नाही.

दुसऱ्या अंकापर्यंत बारा वर्षे लोटली आहेत. राम पुन्हा दंडकारण्यात आला आहे, पण रमणीय देखावे पाहण्यासाठी नव्हे. हातात उपसलेली तलवार आहे आणि समोर शंबूक आहे : शूद्र असून तप करतो, एवढाच त्याचा अपराध. वार करण्यापूर्वी राम आपल्या उजव्या हाताशी बोलतो. ज्या हाताने सीतेला घालवून दिले त्याला आता दया कुठून सुचणार, अशा अर्थाचे ते कठोर बोल आहेत. दोन अन्यायांची गाठ कवीने नायकाच्याच तोंडून घालून दिली आहे. टीकाकाराला यात घालण्यासारखे काही राहिलेले नाही. त्याने ती गाठ पाहिली म्हणजे पुरे.

यानंतर जे घडते त्याकडे आमच्या पंडितांनी काणाडोळा केला, असे मला वाटते. वध झाल्यावर शंबूक दिव्य रूपाने उभा राहतो आणि रामाला ते अरण्य दाखवू लागतो. जनस्थानाची गर्द राने, डोंगरांच्या कपारींतून घुमणारे गोदावरीचे पाणी, ही जी वर्णने शाळा-कॉलेजांतून 'निसर्गवर्णनाचा उत्कृष्ट नमुना' म्हणून पाठ करवितात, त्यांतली कित्येक या शंबुकाच्या मुखातली आहेत. ज्याला या रानात बसून तप करण्याचा अधिकार नाही असे ठरले, तोच रानाची वाट सर्वांत चांगली जाणतो. आपल्याला देखावा आठवतो, आणि तो दाखविणारा विसरतो.

येथे भवभूतीचेही माप त्याच्या पदरात घातले पाहिजे. त्याने शंबुकाला वाचा दिली, पण तक्रार दिली नाही. हा शंबूक मारणाऱ्याचेच आभार मानतो आणि उद्धार झाला म्हणून संतोषाने निघून जातो. सीतेच्या दुःखासाठी कवीने सबंध तिसरा अंक खर्ची घातला; शंबुकाच्या वाट्याला दोन-चार पानांचा स्वर्ग आला. हा कवीच्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येईल, पण मग रामाच्या तोंडी हाताला उद्देशून ते बोल कोणी घातले? ज्याला एवढे दिसले होते त्याला आणखी एक पाऊल टाकता आले असते. ते त्याने टाकले नाही, एवढे नोंदवूनच पुढे गेले पाहिजे.

ते पाऊल नाशिकातच पडले. मात्र बारा शतकांनी, आणि नाटकात नव्हे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालविला. पंचवटीतल्या रामाच्या दारी उभ्या राहिलेल्या त्या स्त्री-पुरुषांनी आभार मानले नाहीत, प्रश्न विचारला. 'उत्तररामचरिता'चा दुसरा अंक वाचून झाल्यावर त्या दारापुढे क्षणभर उभे राहावे. अंक तेथे पुरा होतो.

तिसरा अंक तर पंचवटीतच घडतो. सीता कोणाला दिसत नाही, पण ती तेथे आहे. राम शोकाने मूर्च्छित होतो आणि तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो. या अंकात स्थळाच्या खुणा कोणत्या, ते पाहण्यासारखे आहे. सीतेने पोसलेले हत्तीचे पिल्लू आता मोठे झाले आहे. तिच्या लाडाचा मोर आहे. हरणांना ती जेथे बसून चारा घालीत असे ती शिळा आहे. नदीच्या वाळूत हंसांशी खेळताना तिला उशीर झाला, त्याची आठवण आहे. देऊळ नाही, गुंफा नाही, पाटी नाही. पंचवटी म्हणजे वाढविलेले, जोपासलेले आणि आपल्यामागे जिवंत राहिलेले जे काही, ते.

नाशिकच्या काठाची पारख या मापाने करून पाहावी. आमच्याकडे नदीला कोणी गोदावरी म्हणत नाही. 'गंगेवर जाऊन येतो' असे म्हणतात. या गंगेचे फिरण्याजोगे तीन भाग आहेत.

पहिला रामकुंडापासून नारोशंकराच्या देवळापर्यंतचा घाट. येथे दगड आहे, पण तो वापरातला दगड आहे. पायऱ्यांवर धुणे, पूजा, श्राद्ध, बुधवारचा बाजार, सारे काही शेजारी शेजारी चालते. पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले यावरून गाव त्याचे माप घेते. नदीशी बोलण्याची ही जुनी भाषा आहे. तीत पुराला शत्रू न मानता पाहुणा मानले आहे.

दुसरा भाग वरच्या अंगाचा, गोदापार्काचा. फिरावयाची वाट, बाके, झाडे, संध्याकाळी पाण्यावर उतरणारा प्रकाश. कल्पना चांगलीच होती. शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालावयास जागा हवीच. पण ऑगस्ट २०१६ च्या पुराने या उद्यानाची जी नासधूस केली, तिने ते करणाऱ्यांनी दुसऱ्या अंकाचा शेवट वाचला नव्हता हे सिद्ध झाले. तेथे राम म्हणतो ते थोडक्यात असे, की पूर्वी प्रवाह होता तेथे आता वाळू आहे, दाट होते ते विरळ झाले आहे, आणि हे तेच रान असल्याची खात्री केवळ डोंगरांमुळे पटते. नदी जागा बदलते, हे कवीला ठाऊक होते. नदीच्या पात्राला खेटून कायमचे काही मांडू पाहणाऱ्याला ते ठाऊक नसावे, ही नवलाची गोष्ट आहे.

तिसरा भाग तपोवन. कपिलेचा आणि गोदावरीचा संगम येथेच. शूर्पणखेचे नाक कापले ते येथे आणि म्हणून 'नासिक', असे सांगतात. वर्गाची सहल नेणाऱ्या मास्तरांना ठाऊक आहे, की मुले ती गोष्ट कान देऊन ऐकतात आणि पुढच्या क्षणी झाडावरच्या वानरांकडे पळतात. मुलांचे बरोबर आहे. भवभूती त्यांच्याच बाजूचा आहे. याच तपोवनातली सतराअठराशे झाडे सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी काढण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढे आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. साधूंना उतरावयास जागा लागते, हे खोटे नाही. पण तपोवनातून वन काढले तर उरते ते तप कोणत्या सावलीत करावयाचे, हा प्रश्न धर्माचा आहे तितकाच अभिरुचीचाही आहे. ज्या अंकात सीतेची ओळख तिने जोपासलेल्या जिवांवरून पटते, त्या अंकाच्या भूमीवर झाडाला अडथळा म्हणणे म्हणजे अर्थ न लावता पोथी बांधून ठेवणे होय.

खरी पंचवटी हीच का, असा वाद विद्वान घालतात. तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशाळेलाही तो मान देणारे लोक आहेत. हा वाद खुशाल चालू द्यावा. भवभूतीचे मोठेपण असे, की त्याची पंचवटी पुराव्यावर उभी नाही. ती काठावर काय जगविले आणि काठावरून कोणाला घालविले, या दोन गोष्टींवर उभी आहे. कोणत्याही नदीकाठच्या रम्य स्थळाला हे दोन प्रश्न विचारता येतात, आणि उत्तरे मिळाली म्हणून सौंदर्य कमी होत नाही. गोदेवरचा सूर्यास्त हे प्रश्न विचारल्यावरही तितकाच सुंदर दिसतो. फक्त तो आपल्या एकट्याचा वाटेनासा होतो.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकास जाणे झाले, तर रामकुंडापासून तपोवनापर्यंतची वाट पायी चालावी. दोन-अडीच किलोमीटरांहून फारशी अधिक नाही. मुलेही थकत नाहीत. मध्ये काळारामाच्या दाराशी थांबावे आणि मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात : सीतेच्या मोराची आणि शंबुकाची. पहिली सर्वांनाच सांगता येते. दुसरी सांगताना आवाज थोडा अडखळेल. तरी ती गाळू नये.